एकाच साक्षीवर निकाल नको
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

डोंबिवलीस माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. चाळीस वर्षें त्यांनीं मुंबईस नोकरी केली. म्हणजे चाळीस वर्षें रोज आगगाडीनें जाणें-येणें केलें. फलाटावर कोणता डबा कोठें लागतो हें त्यांना डोळे मिटून सांगतां येई. दोन वर्षांपूर्वीं एका दुपारीं ते नातीच्या वाढदिवसाचा खाऊ आणण्यासाठीं ठाण्यास गेले आणि परततांना ठाणें स्थानकाच्या पुलावर येऊन थबकले. कोणत्या जिन्यानें उतरलें म्हणजे कल्याणकडील गाडी मिळते, हें त्यांना आठवेना. अर्धा तास ते तसेच उभे होते. अखेर कॉलेजांतल्या एका मुलीनें हाताला धरून त्यांना गाडींत बसविलें.

घरीं ही हकीकत कळली तेव्हां त्यांची पत्नी म्हणाली, "अहो, वय झालें आतां, गर्दींत माणूस गोंधळतोच." मुलगा म्हणाला, "बाबांची रात्रीं झोप झाली नसेल." सुनेनें मात्र हळूच सांगितलें, "गेल्या महिन्यांत मामंजींनीं विजेचें बिल दोनदां भरलें होतें."

या तिघांत खरें कोणाचें? 'वय झालें' हा आपल्या घरांतील सर्वांत सोपा निकाल आहे. तो कधीं कधीं खराहि असतो. परंतु तो कोणत्या पुराव्यावर दिला हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें या पुराव्याविषयीं. रक्ताच्या एका थेंबांत जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या दोन पदार्थांतील भेद, चकाकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या साह्यानें ओळखण्याची जी नवी विद्या शास्त्रज्ञ तयार करीत आहेत, तिची ओळख करून देण्याचा माझा हेतु आहे.

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. 'ठाण्यास पाठवावें लागेल' हा आपल्याकडे वाक्प्रचारच होऊन बसला, तो त्याच्यामुळें. त्याच १९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, दूर जर्मनींत फ्रांकफुर्ट शहरांतील अशाच एका रुग्णालयांत एक्कावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिचें नांव ऑगुस्टे डेटर. तिला नवऱ्याविषयीं संशय येई आणि स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें तर तेंहि पुरतें लिहितां येत नसे. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. मज्जापेशींच्या आंत पीळ पडलेल्या धाग्यांचे गुंते होते आणि पेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाच्या गुठळ्या सांचल्या होत्या. ज्याला तोंवर नुसतें वेड किंवा म्हातारचळ म्हणत, त्याच्या मागें डोळ्यांना दिसणारें कांहीं तरी आहे, हें त्यांना दिसलें. आज तो रोग अल्झायमर याच नांवानें ओळखला जातो, आणि स्मृतिभ्रंशाच्या कारणांपैकीं सर्वांत मोठें कारण तेंच आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाप्रमाणें आपल्या देशांत साठ वर्षांवरील माणसांपैकीं शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशानें पीडित आहेत.

त्या गुठळ्या ज्या पदार्थाच्या असतात त्याला 'अमिलॉइड' म्हणतात. या नांवाची कथा बोधप्रद आहे. १८५४ सालीं रुडोल्फ फिर्खो या थोर जर्मन वैद्यकशास्त्रज्ञानें शरीरांत सांचणाऱ्या अशा एका पदार्थाला आयोडिन लावून पाहिलें. पिठाला आयोडिन लावल्यावर जसा रंग येतो तसा तेथें आला. तेव्हां हा पदार्थ पिष्टासारखाच असला पाहिजे असें मानून त्यांनीं त्याला 'अमिलॉइड', म्हणजे 'पिष्टासारखा', हें नांव दिलें. पांच वर्षांतच दुसऱ्यांनीं पृथक्करण करून दाखविलें कीं हा पदार्थ पिष्ट नसून प्रथिनांच्या जातीचा आहे. फिर्खोसारखा चतुर परीक्षक फसला, तो एकाच साक्षीदारावर विश्वास ठेवल्यामुळें. आजच्या विषयाचें सार मला या गोष्टींत दिसतें. म्हणून ती आपण ध्यानांत ठेवावी.

आतां हें प्रथिन कसलें तें पाहूं. प्रथिनें म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांच्या माळा. माळ आंखूड असली म्हणजे तिला पेप्टाइड म्हणतात. १९८४ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनीं अल्झायमरच्या रोगांतील अमिलॉइड पेप्टाइड वेगळें काढलें. पुढें असें दिसून आलें कीं ही माळ मुख्यतः दोन लांबींची असते. एकींत ४० मणी असतात, दुसरींत ४२. पहिले चाळीस मणी दोहोंत तेच आणि त्याच क्रमानें. फरक काय तो शेवटच्या दोन मण्यांचा : एक आयसोल्यूसीन आणि दुसरा अ‍ॅलनीन.

दोन मण्यांनीं असें काय होणार आहे, असें आपणांस वाटेल. परंतु हे दोन मणी पाण्याचा तिटकारा करणारे आहेत. त्यामुळें ४२ मण्यांची माळ पाण्यांत एकटी राहण्यापेक्षां आपल्यासारख्या दुसरीस बिलगते. दोनांच्या चार होतात, चारांचा पुंजका होतो आणि पुंजक्यांचे धागे होऊन गुठळी बसते. लहान पुंजके हे मोठ्या गुठळ्यांहूनहि मज्जापेशींस अधिक घातक असावेत असें आज पुष्कळ संशोधकांचें मत आहे. चाळिसाची माळ त्या मानानें निरुपद्रवी. निरोगी माणसांतहि दोन्ही माळा असतात. म्हणून 'अमिलॉइड आहे काय' हा प्रश्न विचारून भागत नाहीं. 'कोणतें, किती आणि कोणत्या अवस्थेंत' असें विचारावें लागतें.

येथें आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. रोग जसा वाढूं लागतो तसें पाठीच्या कण्याभोंवतालच्या द्रवांत ४२ चें प्रमाण वाढत नाहीं, उलट कमी होतें. कारण तें मेंदूंतच अडकून बसतें आणि बाहेर वाहून येईनासें होतें. रक्तांतहि हा फरक दिसतो, परंतु फार अल्प. एखाद्याच्या शरीरांत हीं पेप्टाइडें मुळांतच जास्त होतात, दुसऱ्याच्या कमी. म्हणून डॉक्टर ४२ ला ४० नें भागून त्यांचें गुणोत्तर पाहतात. चाळिसाची माळ ही येथें मापाचें काम करते.

हें ऐकावयास सोपें, करावयास महाकठीण. एक मिलिलिटर रक्तरसांत ४२ मण्यांचें पेप्टाइड कांहीं दहा पिकोग्रॅम असतें; पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष-कोटीवा भाग. त्याच रक्तरसांत अल्ब्युमिन नांवाचें एक प्रथिन सुमारें चाळीस मिलिग्रॅम असतें. म्हणजे ज्याला शोधावयाचें त्याच्या सुमारें एक अब्जपट गर्दी भोंवतीं आहे. संध्याकाळच्या ठाणें स्थानकावर जुळ्या भावांपैकीं एकास शोधणें यापुढें कांहींच नव्हे!

आज हा शोध बहुधा प्रतिपिंडांच्या साह्यानें घेतात. प्रतिपिंड म्हणजे एका विशिष्ट कुलुपाची एक विशिष्ट किल्ली. २०२५ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील औषध-नियामक संस्थेनें अल्झायमरच्या निदानास साह्य करणाऱ्या पहिल्या रक्तपरीक्षेस मान्यता दिली, ती याच जातीची. पंचावन्न वर्षांवरील आणि लक्षणें दिसूं लागलेल्या माणसांसाठींच ती आहे. पद्धत उत्तम आहे. परंतु प्रत्येक कुलुपास वेगळी किल्ली घडवावी लागते, ती महाग पडते आणि थंडाव्यांत जपावी लागते. म्हणून दुसऱ्या वाटेचा शोध चालूं आहे, आणि ती वाट उजेडाची आहे.

रंग ही वस्तु डोंबिवलीकरांस नवी नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत तेथील औद्योगिक वसाहतींतला एक रस्ताच्या रस्ता गुलाबी झाला होता! पण मी म्हणतों तो उजेड साध्या रंगाहून निराळा आहे. साधा रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशांतील कांहीं भाग गिळतो आणि उरलेला परत करतो. कांहीं पदार्थ मात्र एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्याच रंगाचा प्रकाश देतात. याला अनुस्फुरण म्हणतात. इंग्लंडांत जॉर्ज स्टोक्स यांनीं १८५२ सालीं याचें शास्त्रीय विवेचन केलें. आपल्या घरींहि तें आहे. कपडे पांढरे करणारी रानीपालसारखी पूड डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश घेऊन निळा प्रकाश देते, म्हणून सदरा पिवळट दिसत नाहीं. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा कॅशियरपाशीं असतो. त्याखालीं नोटेवरील आंकडे चकाकतात. त्याच दिव्याखालीं स्पिरिटांत विरघळविलेली हळद धरली तर ती हिरवट पिवळी पेटल्यासारखी दिसते. तो गुण हळदींतील करक्युमिनचा.

अमिलॉइडाच्या धाग्यांना चिकटल्यावरच चांगला उजळणारा थायोफ्लेविन-टी नांवाचा रंग १९५९ पासून प्रयोगशाळांत वापरला जात आहे. करक्युमिनहि अमिलॉइडास चिकटतें. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं, करक्युमिनच्या सान्निध्यांत ४२ मण्यांच्या पेप्टाइडाच्या पुंजक्याची आंतील रचना कशी बदलते, हें दाखविलें. यावरून कोणी चमचा चमचा हळद खाऊं लागूं नये, ही विनंति! पोटांतून घेतलेली हळद रक्तांत फारच थोडी उतरते, आणि तिनें हा रोग बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. मुद्दा एवढाच कीं उजेडानें अमिलॉइड पाहतां येतें. परंतु थायोफ्लेविन-टी सारखा एकच रंग 'धागे आहेत' एवढेंच सांगतो; ते चाळिसाचे कीं बेचाळिसाचे, हें तो सांगूं शकत नाहीं. पुन्हां फिर्खोचीच अडचण : साक्षीदार एकच.

आतां नॅनोकणांकडे वळूं. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस हजारों नॅनोमीटर जाड असतो. हे कण मात्र दोन ते दहा नॅनोमीटरांचे, म्हणजे पेप्टाइडांच्याच आकारमानाच्या वर्गांतले. माणसाची ओळख माणसाच्या हातानें पटते, डोंगराच्या स्पर्शानें नव्हे, तसेंच हें. शिवाय कण इतका बारीक झाला कीं पदार्थ तोच असूनहि त्याच्या आकारमानाप्रमाणें त्याच्या उजेडाचा रंग बदलतो. या शोधाबद्दल येकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी या तिघांना २०२३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

असे कण करण्यास सोनें किंवा कॅडमियमच लागतें असें नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंत कोळशाच्या मूलद्रव्याचे, म्हणजे कार्बनचे, चकाकणारे कण सांपडले. आणि ही विद्या आपल्या दारांत येऊन पोंचलेली आहे. कल्याणच्या पुढें विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ओलांडलें कीं अंबरनाथ लागतें. तेथील एका महाविद्यालयाशीं संलग्न असलेल्या नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्रांत, मुंबईच्या आय. आय. टी. मधून निवृत्त झालेले प्राध्यापक महेश्वर शेरॉन आणि श्रीमती माधुरी शेरॉन यांच्या मार्गदर्शनाखालीं असे कण तयार करण्यांत आले. आणि कशापासून? आपण उपासाला शिंगाडा खातों आणि टरफल टाकून देतों, त्या टरफलाच्या अर्कापासून! हें काम २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. पुढच्या वर्षीं तेथेंच डिंकापासून कार्बनकण करून त्यांना जंतुनाशक औषध जोडण्यांत आलें. हे प्रयोग अल्झायमरसाठीं नव्हते; परंतु असले कण महाग यंत्रशाळेवांचूनहि होऊं शकतात, हें त्यांनीं ठाणें जिल्ह्यांत दाखवून दिलें.

कण झाले, त्यांच्याकडून ओळख कशी पटवावयाची? येथें निसर्गानें शिकविलेली युक्ति आहे. फोडणीचा वास आल्याबरोबर आपली गृहिणी सांगते कीं शेजारीं आज आमटी आहे कीं मसालेभात. तिच्या नाकांत आमटीसाठीं वेगळी किल्ली नाहीं. नाकांत शेंकडों प्रकारचे ग्राहक असतात. प्रत्येक ग्राहक पुष्कळ वासांना थोडथोडा प्रतिसाद देतो, आणि त्या सर्वांच्या प्रतिसादांचा जो नमुना उमटतो त्यावरून मेंदू ओळख पटवितो. एकेकटा ग्राहक अर्धवट जाणता. सर्व मिळून मात्र चोख निकाल देतात.

हेंच नाक शास्त्रज्ञांनीं कणांचें केलें. अमेरिकेंत व्हिन्सेंट रोटेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं सोन्याचे सहा प्रकारचे नॅनोकण घेतले. सहांच्या पृष्ठभागावरचीं आवरणें निरनिराळीं होतीं. त्यांच्यावर त्यांनीं एक चकाकणारा बहुवारिक पदार्थ बसविला. सोन्याला चिकटला असतां तो चकाकत नाहीं. सोडला कीं चकाकतो. आतां आगगाडींतील बांक डोळ्यांपुढें आणा. कण म्हणजे बांक आणि बहुवारिक म्हणजे त्यावर बसलेला उतारू. तेथें प्रथिन येतें आणि 'जरा सरका' म्हणून चौथी जागा मागतें. एखाद्या बांकावर तें उतारूस पार उठवितें, एखाद्यावर थोडेंच सरकवितें, एखाद्यावर त्यास दादच मिळत नाहीं. जितके उतारू उठले तितका उजेड वाढला. सहा बांकांवरचे सहा आंकडे, ही त्या प्रथिनाची सही. सात निरनिराळ्या प्रथिनांचे ५२ अनोळखी नमुने या युक्तीनें तपासले, तेव्हां शेंकडा ९४.२ इतक्या वेळां उत्तर बरोबर आलें.

याच पद्धतीनें अमिलॉइड पेप्टाइडें आणि त्यांच्या अवस्था वेगळ्या काढण्याचे प्रयोग पुढें झाले आहेत. पाण्याचा तिटकारा करणारे ते दोन मणी एका आवरणाच्या कणाशीं अधिक सलगी करतात, दुसऱ्याशीं कमी. एकट्या माळेचें वर्तन निराळें, पुंजक्याचें निराळें, धाग्याचें निराळें. प्रत्येक कणावरचा फरक लहान असेल. परंतु अनेक कणांचे आंकडे गणितानें एकत्र मांडले म्हणजे नकाशावर दोन गांवें अलग पडावीं तसे दोन नमुने अलग पडतात. येथें किल्ली कोणतीच नाहीं. आहे तें साक्षीदारांचें मंडळ.

मग ही परीक्षा आपल्या गल्लींतील प्रयोगशाळेंत कां होत नाहीं? अडचणी खऱ्या आहेत. पहिली गर्दीची. कण रक्तांत टाकला कीं अल्ब्युमिनादि प्रथिनें त्याच्यावर शाल पांघरल्यासारखीं बसतात आणि मग तो पेप्टाइडास ओळखीत नाहीं. स्वच्छ पाण्यांत साधलेलें यश रक्तांत टिकेलच असें नाहीं. दुसरी अडचण शिकवणीची. हें नाक आधीं शिकवावें लागतें. जे नमुने त्याला कधीं दाखविले नाहींत ते पुढें आले तर तें जवळचें एखादें नांव सांगून मोकळें होतें, 'मला ठाऊक नाहीं' असें म्हणत नाहीं. तिसरी अडचण कणांच्या सारखेपणाची. आज केलेला कण आणि सहा महिन्यांनीं केलेला कण तंतोतंत एक नसेल, तर जुनी सही नव्याशीं जुळत नाहीं. या तिन्हींवर उपाय शोधले जात आहेत. परंतु ही विद्या आज मुख्यतः प्रयोगशाळेंतच आहे, हें मी स्पष्ट सांगतों. कोणी तिच्या नांवानें पैसे मागूं लागला तर सावध राहावें.

यावर कोणी विचारील कीं, एवढी खटपट कशाला? रोगास औषध नाहीं, मग तो लौकर कळून काय उपयोग? काल-परवांपर्यंत या प्रश्नास उत्तर देणें कठीण होतें. आतां स्थिति थोडी पालटली आहे. २०२३ सालीं अमेरिकेंत लेकानेमॅब या औषधास पूर्ण मान्यता मिळाली. तें मेंदूंतील अमिलॉइड कमी करतें आणि रोगाची गति कांहींशी मंद करतें. तें रोग बरा करीत नाहीं. मेंदूस सूज येणें, रक्तस्राव होणें असे त्याचे धोके आहेत. आणि तें फक्त आरंभींच्या अवस्थेंतच देतात. म्हणून आरंभ ओळखणें महत्त्वाचें. शिवाय औषधापलीकडेहि कांहीं आहे. आपलें मन आपल्या हातांत आहे तोंवर माणसाला बँकेचे, घराचे, मुलाबाळांचे निर्णय स्वतः घेतां येतात. तो अधिकार त्याला मिळावा कीं नाहीं?

आणि कण येईपर्यंत थांबण्याचें कांहीं कारण नाहीं. विसरभोळेपणाचीं कारणें अनेक आहेत. जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, मनाची खिन्नता, कांहीं औषधांचे परिणाम, यांमुळेंहि स्मरणशक्ति ढासळते. आणि यांतील पुष्कळ कारणें उपचारानें दूर होतात. यांच्या परीक्षा साध्या आहेत आणि ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें सहज होतात. चष्मा विसरला म्हणजे अल्झायमर झाला असें नव्हे, आणि ओळखीची वाट चुकली म्हणजे नुसतें वय झालें असेंहि नव्हे. कणांच्या नाकानें जो धडा घ्यावयाचा तोच घरच्या माणसांनींहि घ्यावयाचा आहे : साक्षीदार अनेक बोलवावे, त्यांचें म्हणणें एकत्र मांडावें आणि मग जाणत्या वैद्यासमोर ठेवावें. पत्नीचें म्हणणें, मुलाचें म्हणणें आणि सुनेनें पाहिलेलें विजेचें बिल, यांतील एकेक साक्ष अपुरी होती. परंतु टाकून देण्याजोगी एकहि नव्हती.

माझ्या त्या परिचित गृहस्थांना पुढें डॉक्टरांकडे नेलें. रक्तांत बी-१२ फार कमी निघालें. तें भरून काढल्यावर त्यांना बरीच हुशारी वाटूं लागली. विसर मात्र पुरता गेलेला नाहीं, आणि डॉक्टरांनीं शेवटचा निकाल अद्याप दिलेला नाहीं; ते दर सहा महिन्यांनीं तपासतात. विजेचें बिल आतां सून भरते. बँकेंतील कागद त्यांनीं स्वतः वाचून, समजून, मुलाच्या नांवें करून दिले. ठाण्यास ते अजून जातात. बरोबर नात असते. पुलावर आलें म्हणजे कोणत्या जिन्यानें उतरावयाचें, हें ती मुद्दाम आजोबांनाच विचारते, आणि ते सांगेपर्यंत थांबते.